तुझ्या अंगातलं माझं रक्त

बाबल्या, आधी माझ्या मूर्खपणापासूनच सुरुवात करते. म्हणजे तू जिथे असशील तिथे तुला हसायला सोयीचं होईल.

ऐन श्रावणात, तुझ्या हाडांतली जुनी अस्थिमज्जा डॉक्टरांनी जहाल औषधं देऊन पुसून टाकलेली असताना, आणि तुझ्या अंगात पुन्हा रक्त तयार व्हायची सगळी भिस्त माझ्यावर असताना, मी लालबागच्या मटणवाल्याकडून बकऱ्याच्या नळ्या आणल्या. वर पायाचं सूपही केलं. माझा हिशोब सरळ होता. साठी उलटलेली बाई मी. माझ्या हाडांत असा किती मगज उरला असणार? त्यातला अर्धा तुला दिला आणि कमी पडला तर? म्हणून बकऱ्याच्या नळीतला मगज चोखून चोखून खायचा, म्हणजे तो आपल्या नळीत जाऊन बसेल, आणि मग डॉक्टरांना म्हणायचं, घ्या, पाहिजे तेवढा घ्या.

लग्नानंतर मी एकदाही श्रावण मोडला नव्हता. लग्नाआधीचं तुला ठाऊकच आहे. जिन्याखाली स्टोव्ह नेऊन आपण दोघांनी सुके बोंबील भाजले होते आणि वास कुठून येतोय म्हणून आई आठवडाभर समोरच्या खोलीवर संशय घेत राहिली होती. मटणवाल्याने विचारलं, "मावशी, श्रावण नाय का तुमचा?" मी म्हटलं, यंदा मला सूट आहे. त्याला काही कळलं नाही, पण नळ्या चांगल्या दिल्या.

आणि मग, माझ्या हाडांतलं रक्ताचं बियाणं वाढावं म्हणून रोज इंजेक्शनं चालू झाली तेव्हा, मला जुलाब लागले.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काय खाल्लंत? मी म्हटलं, वरणभात. माझी नात मुक्ता शेजारी उभी होती. ती शांतपणे म्हणाली, "आजी, नळ्या." बाईंनी पेन खाली ठेवलं. एवढीशी पोरगी ती, माझ्या सुनेपेक्षा लहान असेल. म्हणाली, "आजी, खाल्लेली नळी पोटात जाते. हाडात जात नाही." मला हसू येणार होतं, तेवढ्यात ती हळू आवाजात पुढचं बोलली. तुझी मज्जा आता रिकामी आहे. तिथून मागे फिरता येत नाही. ठरल्या दिवशी माझं रक्त मिळालं नाही, किंवा माझ्या पोटातला जंतू रक्तावाटे तुझ्यात गेला, तर. तिने वाक्य पुरं केलं नाही. दोन बाळंतपणांत मी घाबरले नव्हते एवढी त्या अर्ध्या वाक्याला घाबरले.

दोन दिवस मीठ-साखरेचं पाणी, तपासण्या आणि देवाला दिलेली अनेक वचनं, ज्यांतली निम्मी मी नंतर पाळली नाहीत. तू तिकडे काचेच्या खोलीत एकटा. फोनवर तुझं टक्कल आणि ते सुजलेले ओठ दिसले. मला वाटलं आता तू रडशील किंवा शिव्या देशील. तू म्हणालास, "तायडे, खाल्ल्यास त्या खाल्ल्यास. रस्सा तरी पाठवायचास."

तू असा होतास. आणि तुला असं मी केलं होतं, हे श्रेय मी सोडणार नाही. 

तू सात-आठ वर्षांचा असताना तुझ्या तळपायात खिळा घुसला होता, आठवतं? चाळीमागच्या मोकळ्या जागेत लोखंडाचं भंगार पडलेलं असायचं तिथे. दुसऱ्या दिवशी तुझ्या जांघेत ही एवढी गाठ आली. आई म्हणाली, अवधाण आलं, जखम पायात असली की ते येतंच, आणि ती सांबरशिंग उगाळायला बसली. मी तेव्हा बारा-तेरा वर्षांची आगाऊ कार्टी. वर्गात पहिल्या तिघींत यायचे, त्यामुळे जगातलं सगळं मला कळतं असा माझा समज. मी तुला कोपऱ्यात घेऊन सांगितलं, पायाच्या भोकातून बेडूक आत शिरलाय. जांघेत बसलाय. तू बोललास तर उडी मारून पोटात जाईल. तू दिवसभर तोंड उघडलं नाहीस. जेवलाही नाहीस. संध्याकाळी आईने तुझ्या कपाळाला हात लावून विचारलं, "काय झाला रे झिला, बोलत कित्याक नाय?" तेव्हा तू दोन्ही हातांनी तोंड दाबून रडायला लागलास. मला जो मार पडला तो चाळीच्या तिन्ही मजल्यांना ऐकू गेला.

ते सगळं विसरून मी म्हातारी झाले. आणि एका सकाळी, दादरच्या फुलबाजारातली तुझी विक्री आटपल्यावर तुझा फोन आला. तू नमस्कार-चमत्कार काही केला नाहीस. म्हणालास, "तायडे, बेडूक परत आला."

गळ्याखाली, काखेत, जांघेत गाठी. पायाला जखम नाही, दात दुखत नाही, आणि गाठी. हारांच्या सुईने टोचलेलं बोट दिवसभर वाहत राहायचं. दंडावर काळेनिळे डाग. मी म्हटलं, अरे ताप मुरला असेल. माझं ज्ञान तेव्हाही तेवढंच होतं. आठवड्याभरात परळच्या इस्पितळात त्यांनी तुझं रक्त पाहिलं, मग पाठीमागून, माकडहाडाच्या वर, सुई घालून आतली मज्जा पाहिली. आणि रक्ताच्या कॅन्सरचं नाव आपल्या घरात आलं.

डॉक्टरीणबाई कागदावर चित्र काढून सांगायच्या, तू ऐकत असायचास आणि मी समजल्यासारखं करायचे. हळूहळू मात्र खरंच समजत गेलं. हाडांच्या पोटात एक मूळ पेशी असते. तिला आई म्हणा. तिच्या पोटी सगळी पोरं. तांबड्या पेशी श्वास वाहून नेतात, बारीक टिकल्या रक्त गोठवतात, पांढऱ्या पहारा करतात. पांढऱ्यांतल्या काही रक्तात राहतात, आणि काही शेजारून जाणाऱ्या दुसऱ्या जाळ्यात फिरतात. त्यातून पाण्यासारखा पातळ रस वाहतो, त्याला लसीका म्हणतात. त्या वाटेवर जागोजागी गाठी असतात, आपल्या नायगावच्या पोलीस चौक्यांसारख्या. पायातून कोणी घुसला की जांघेतली चौकी फुगते. सगळे शिपाई तिथे गोळा होतात म्हणून. तू लगेच बाईंना म्हणालास, "आमच्यात त्याला बेडूक म्हणतात." ते खरंच लिहून घ्यावं की काय, अशा चेहऱ्याने बाईंनी माझ्याकडे पाहिलं.

तुझ्यात बिघडलं होतं ते असं, की पांढरी पोरं मोठीच होत नव्हती. अर्धवट वयातच एकामागून एक जन्माला येत होती, शहाणी व्हायच्या आधीच बाहेर पडून चौक्यांत गर्दी करत होती, आणि हाडांत बाकीच्यांना जागा उरली नव्हती. औषधांनी गर्दी हटली. पण बाई म्हणाल्या, ती परत येणार. तुझी ती मूळ जागाच बदलायला हवी. भावंडांत कोणाचं जुळतंय ते बघूया.

तुला भावंड मी एकटीच. माझं जुळलं. अगदी तंतोतंत. मला तो निकाल कळल्यावर मी चाळीस वर्षांनी पहिल्यांदा आईबापाला मनातल्या मनात नमस्कार केला. आणि तू काय म्हणालास? "जुळतंय कसलं, लहानपणापासून आपलं एका गोष्टीत जुळलं नाही."

रक्ताची मला किती भीती, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत नव्हतं. चाळीच्या मंडळाने रक्तदान शिबिर ठेवलं तेव्हा मी कॉलेजात होते. बाकीच्या मुलींना मोठं भाषण दिलं, रक्त देणं म्हणजे काय, समाजाचं देणं म्हणजे काय. आणि माझा नंबर आल्यावर सुई बघूनच मागच्या दाराने जी सुटले ती थेट गणेश गल्लीत. तू पंधरा वर्षांचा, मिशीची रेघ काजळाने काढून वय अठरा सांगत होतास, कारण रक्त दिलं की केळं आणि बिस्किटाचा पुडा मिळायचा. तुला त्यांनी हाकललं. मला कोणी शोधायलाही आलं नाही.

ती पळपुटी बाई तुझ्यासाठी पाच दिवस पोटात इंजेक्शनं घेत होती. त्या औषधाने आतला कारखाना जोरात चालतो, मूळ पेशी हाडांतून रक्तात उतरतात. कंबर, छातीचं मधलं हाड, मांड्या, सगळं आतून ठणकायला लागलं. दुखण्याने बरं वाटावं असं आयुष्यात तेव्हाच झालं. मुक्ताला म्हणायचे, बघ, ठणकतंय, म्हणजे माल तयार होतोय. मग मला एका यंत्राशेजारी झोपवलं. एका हातातून रक्त जायचं, यंत्रात फिरायचं, दुसऱ्या हातातून परत यायचं. मी तुला सांगितलं होतं की डोळे मिटून नामस्मरण करत होते. खोटं. मी पूर्ण वेळ त्या सिस्टरला माझ्या जावेच्या कागाळ्या सांगत होते.

शेवटी हाती आली ती एवढीशी पिशवी. पातळ टोमॅटोच्या सारासारखी. मला वाटलं होतं मोठं काहीतरी असेल, ऑपरेशन, दिवे. काही नाही. तुझ्या गळ्याजवळच्या नळीतून सलाइनसारखी ती पिशवी उतरली आणि संपली. मी बाईंना विचारलं, हे तर रक्तात गेलं, हाडात कसं जाणार? वाट कोण दाखवणार? त्या म्हणाल्या, त्यांना कळतं. मी आजही दादरच्या पुलावर चुकीच्या बाजूला उतरते, बाबल्या. माझ्या पेशी मात्र तुझ्या हाडांत बिनचूक गेल्या.

मग वाट पाहणं. तुझ्या पांढऱ्या पेशींचा आकडा रोज शून्य. शैला रोज सकाळी इस्पितळाच्या गेटवरून मला फोन करायची, नुसतं "नाही" म्हणायची आणि ठेवायची. तुझी बायको कमी बोलते हे बरं, नाहीतर त्या दिवसांत आम्ही दोघींनी बोलून बोलून एकमेकींना मारलं असतं. श्रावण संपला, गणपती आले. आपल्या गल्लीत ढोल वाजत होते, आणि मी खिडकी लावून फोनकडे बघत बसले होते. आणि मग तिचा फोन आला, "ताई, कळ्या आल्या." तूच तिला ते शब्द सांगितले होतेस. फुलवाल्याच्या बायकोने दुसरं काय म्हणावं. मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्यावर डोकं टेकलं. मुक्ताने विचारलं, आजी रडतेस? मी म्हटलं, कांदा चिरतेय. गौरी बसल्या होत्या, घरात कांदा आणलेलाच नव्हता.

त्यानंतरची तुझी मिजास मी कशी विसरेन. तुझा रक्तगट बदलला. जन्मभर बी पॉझिटिव्ह, आता माझा ओ. आणि तपासणीच्या कागदावर लिहिलं होतं की तुझ्या रक्तातली प्रत्येक पेशी बाईची आहे. तू तो कागद बाजारात फोनवरून सगळ्यांना वाचून दाखवलास. त्या भाऊबीजेला मी ताट घेऊन उभी राहिले तर तू पाट सरकवून बसलास आणि म्हणालास, "आतून तर सगळी तूच आहेस. म्हणजे तू तुलाच ओवाळतेयस." मी म्हटलं, मग ओवाळणी पण मीच घेते, काढ. तू खिशात हात घालून माझ्या हातावर ठेवलास तो इस्पितळातला हातात बांधायचा तुझ्या नावाचा पट्टा. तो मी देवघरात ठेवलाय. आता कोणाला सांगायला हरकत नाही.

तुला सगळं परत मिळालं, फक्त फुलं मिळाली नाहीत. ओल्या फुलांत, मातीत बुरशी असते, नव्या पेशींना ती झेपत नाही, म्हणून बंदी. घरात हार नाही, देवाला फूल नाही, फुलबाजार तर नाहीच. तीस वर्षं पहाटे शेवंतीच्या ढिगाऱ्यात उभा राहिलेला माणूस तू. गाळा शैलाने घेतला. ती बाजारातून आली की बाहेरच्या मोरीत साडी बदलायची, अंघोळ करायची, मग तुझ्याजवळ यायची. पूर्वीच्या बायकांचं सोवळं बरं, एवढं कडक होतं. आणि तू आतून म्हणायचास, "आज निशिगंध जास्त होता ना?" ती चिडायची. तुला साबणाआडूनही वास लागायचा.

नायगावची चाळ पाडायला घेतली तेव्हा धुळीला भिऊन तुम्ही परळला भाड्याने आलात. माझ्या दारापासून चालत दहा मिनिटं. तेव्हापासून मी रोज दुपारी चहाच्या वेळेला यायला लागले. निमित्त होतं भांडण.

ते भांडणही रक्ताचंच. आधी तुझ्या हातांवर पुरळ आलं. मग तोंडात फोड, डोळे कोरडे, कातडी ताठर. बाईंनी पुन्हा कागद घेतला. पहारेकरी पेशी कच्च्या असतात तेव्हा त्यांतल्या काही छातीच्या हाडामागच्या एका ग्रंथीत जातात, लहानपणी ती मोठी असते आणि वयात आल्यावर सुकत जाते. ती त्यांची शाळा. आपलं कोण, परकं कोण, तिथे शिकवतात. माझ्या पेशींची शाळा माझ्या छातीत झाली होती. त्यांना शिकवलेलं आपलं घर म्हणजे मी. त्या तुझ्यात गेल्या आणि बघतात तर भिंती वेगळ्या. म्हणून ओरबाडत होत्या. त्यात मी बाई, त्यात दोन मुलग्यांची आई. मुलगे पोटात वाढवताना माझ्या रक्ताने पुरुषाचं परकेपण आधीच ओळखलेलं होतं, म्हणून ते जरा जास्तच सावध. बाईंनी हे आधीही सांगितलं होतं, पण तेव्हा दुसरा पर्याय नव्हता.

तू काय सोडतोस. "तायडे, तुझं रक्त तुझ्यासारखंच भांडकुदळ." मी म्हणायचे, माझं रक्त टापटिपीचं आहे, तुझ्या अंगात पसारा आहे, ते आवरतंय बिचारं. तू म्हणायचास, आवरता आवरता भिंती पाडतंय. मी म्हणायचे, तुझ्या भिंतीच कच्च्या. रोज नवा मुद्दा काढायचास तू. मी घरून निघतानाच उत्तर जुळवून निघायचे. रस्त्यात भाजीवाल्याने हाक मारली तरी थांबायचे नाही, विसरायला होईल म्हणून. शैला चहा ठेवायची आणि म्हणायची, आज कोर्ट किती वाजेपर्यंत आहे? 

मग ते भांडण छातीत उतरलं. तुझी फुफ्फुसं आतून आखडत गेली. जिना चढताना तू मध्ये थांबायला लागलास आणि थांबल्याचं कारण म्हणून खिशातली किल्ली शोधल्यासारखं करायला लागलास. मी ते पाहिलं. एक दिवस तू सवयीने म्हणालास, "तुझं रक्त, तायडे..." आणि खोकला लागला, तो थांबेचना. मी तयार केलेलं उत्तर गिळलं. त्यानंतर मी रोज येतच राहिले, पण रक्ताचं नाव काढलं नाही. तूही काढलं नाहीस. आपण हवापाण्याचं बोलायला लागलो, बाबल्या. तू आणि मी, हवापाण्याचं. साठ वर्षांत जे झालं नाही ते.

मला विचारायचं होतं. रोज जिना उतरताना वाटायचं, उद्या विचारीन, माझ्यामुळे होतंय का रे हे? आणि रोज वर चढताना वाटायचं, तो हो म्हणाला तर.

होळीच्या सुमाराला तू सुरंगी मागितलीस. वेंगुर्ल्याकडून दादरला त्या दिवसांत सुरंगीचे वळेसर येतात, आई केसांत माळायची तसे. तू म्हणालास, नुसता वास, हातात नको, लांबून. शैला माझ्याकडे बघत होती. मी नाही म्हटलं. म्हटलं, पुढच्या वर्षी तब्येत सुधारली की टोपलीभर आणीन. तू मान डोलावलीस आणि नळीतला ऑक्सिजन घेत खिडकीकडे बघत राहिलास. मला पक्कं माहीत होतं की पुढच्या वर्षाचं मी खोटं बोलतेय. मला वाटतं, तुलाही.

वैशाखात तू गेलास. इस्पितळात, सकाळी, शैलाचा हात हातात असताना. मी घरून डबा घेऊन निघाले होते.

तुला घरी आणल्यावर बाजारातली तुझी माणसं आली. पाटीच्या पाट्या घेऊन. गोंडा, शेवंती, गुलाब, ओली चिंब फुलं. त्यांनी तुला झाकायला सुरुवात केली आणि मी पुढे होऊन ओरडले, "अरे, लांब धरा, त्याला फुलं चालत नाहीत." सगळे थांबले. मग शैला माझ्याजवळ आली आणि माझ्या मुठीत शेवंती ठेवली, आणि माझा हात धरून तुझ्या छातीवर नेला. चार वर्षांनी तुझ्या अंगाला फूल लागलं.

संध्याकाळी गुरुजींनी सुतकाचं सांगितलं. घरच्यांना दहा दिवस, लग्न झालेल्या बहिणीला तीन. मी म्हटलं, मला दहा. ते समजावायला लागले, आजी, तुम्ही दुसऱ्या कुळातल्या, गोत्र बदललं तुमचं. मी म्हटलं, गुरुजी, गोत्राचं तुम्ही बघा. त्याच्या अंगात शेवटच्या दिवशी जे रक्त होतं ते सगळं माझं होतं, गटासकट, कागद आहे माझ्याकडे. आता माझं रक्त गेलंय तर मी तीन दिवसांत मोकळी कशी होऊ? गुरुजी म्हणाले, शास्त्रात याबद्दल काही लिहिलेलं नाही, तुम्हाला पाळायचं तर पाळा. तरुणपणी दूरच्या चुलत्याचं सुतक आलं तेव्हा नाटकाची तिकिटं फुकट जाऊ नयेत म्हणून मला ते कळलंच नाही असं सोंग करणारी मी. तुला तेव्हा गप्प बसायला दोन वडापाव द्यावे लागले होते. यावेळी मी दहा दिवस पाळलं. देवाला हात लावला नाही, तुमच्याकडेच जमिनीवर झोपले.

त्या दहा दिवसांत लोक येत गेले, तू किती चांगला होतास सांगत गेले. मी ऐकत होते आणि आत एकच वाक्य फिरत होतं. माझ्या रक्ताने त्याला घेतलं. डॉक्टरांना विचारायचा धीर नव्हता. मुक्ताला विचारलं असतं तर तिने मोबाइलवर शोधून काहीतरी वाचून दाखवलं असतं, तेही नको होतं. एका बाजूला तुझे मानायचे राहिलेले आभार, दुसऱ्या बाजूला हे वाक्य, आणि मी मधे बसून होते. तू मला चार वर्षं दिलीस, दुपारच्या चहाची, भाऊबीजेची, तुझ्या त्या वाह्यात विनोदांची. त्याबद्दल तुला मी एकदाही बरं बोलले नाही. आपल्यात तशी पद्धतच नव्हती.

दहाव्या दिवशी, सगळे गेल्यावर, शैला तुझ्या औषधांच्या डब्या टोपलीत भरत होती. स्टिरॉइडच्या, तोंड धुवायच्या, डोळ्यांत घालायच्या थेंबांच्या. मी तिच्यासमोर बसले. मी विचारलं, "शैला, माझ्या रक्ताने मारलं ना गं त्याला?"

तिने हातातली डबी टोपलीत ठेवली. मग म्हणाली:

"ताई, दुसऱ्या वर्षीच डॉक्टरांनी आम्हाला दोघांना बसवून सांगितलं होतं. ज्यांच्यात दिलेलं रक्त अजिबात भांडत नाही, त्यांच्यात तो आजार परत यायची भीती जास्त. तुमचं भांडत राहिलं, म्हणून तो चार वर्षं यांच्याकडे फिरकला नाही. मी म्हटलं, ताईंना सांगते, त्या मनाला लावून घेतायत. तर हे म्हणाले, 'तिला नको सांगू. भांडण मिटलं, तर ती रोज यायची नाही.'"